अकरा तासांचे भांडवल



बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. अर्जदाराच्या मागणीचा आकडा मोठ्या अक्षरांत असे. आमचे काम त्याची पेलण्याची शक्ती शोधण्याचे. गोदामातला माल दहा लाखांचा असला, तरी त्यातून उधारीचे देणे वजा करायचे, उरलेल्यातून पंचवीस टक्के मार्जिन काढायचे आणि मग जो आकडा राहील तेवढीच उचल द्यायची. व्यापारी कुरकुरत. पण वाईट वर्ष आले, की त्या पंचवीस टक्क्यांवरच त्याचे दुकान उभे राहत असे. हा हिशेब निवृत्तीनंतर एका सहलीसाठी करावा लागेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

झाले असे. आमची कन्या पुण्यात नोकरी करते. मार्चमध्ये ती कॅनडाला जाणार, हे निश्चित झाले होते. त्यापूर्वी जानेवारीत दोन दिवसांची सुट्टी काढून ती जेऊरला येणार होती. येण्यापूर्वी तिचा दूरध्वनी आला, "पप्पा, या वेळी घरात बसायचे नाही. गाडीने कुठेतरी फिरून येऊ, आणि बादललाही न्यायचे. यादी मी पाठवते."

बादल हा आमचा कुत्रा. अकरा वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री तिनेच त्याला स्टेशनाजवळून उचलून आणला होता. जात गावठी, रंग ढगासारखा. ती शिक्षणासाठी गेली आणि तो आमच्याकडे राहिला. आता त्याच्या मागच्या पायांत ताठरपणा आला आहे, डाव्या डोळ्यावर सारा पडला आहे. कॅनडाहून ती पुन्हा येईल तेव्हा तो असेल की नाही, याचा उच्चार आमच्या घरात कोणी करीत नव्हते. यादी एवढी लांब का आली, हे मला तेवढ्यावरून समजले.

यादीत कुंथलगिरी होते, परंड्याचा किल्ला होता, करमाळ्याची कमलाभवानी आणि तिथली शहाण्णव पायऱ्यांची विहीर होती, उजनी धरण होते, भिगवणचे रोहित पक्षी होते आणि पळसदेवचे पाण्यातले पळसनाथाचे मंदिरही होते. मी नकाशा घेऊन बसलो. बेरीज तीनशे किलोमीटरच्या वर गेली. दिवस दोन, त्यांतला एक येण्याजाण्यात अर्धाअधिक संपणारा. रेल्वेचा विचार करण्यातही अर्थ नव्हता. कुत्र्याला न्यायचे, तर प्रथम वर्गाची स्वतंत्र कूपे घ्यावी लागते, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत कोंडावे लागते. जेऊरला गाडी थांबते किती, आणि त्यात हा सोपस्कार कधी उरकायचा? तेव्हा प्रवास रस्त्यानेच ठरला.

मग मी कागद घेतला आणि वेळेची उचलमर्यादा काढली. हा हिशेब वाचकांनी आपापल्या गावासाठी करून पाहावा, म्हणून तो तपशिलाने देतो.

जानेवारीच्या उत्तरार्धात आपल्याकडे सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. आमच्या घरी सूर्यास्तानंतर भोजन नाही. म्हणजे दिवसाची कड पक्की ठरलेली. ढोबळमानाने अकरा तास हे भांडवल. त्यातून पाव हिस्सा मार्जिन बाजूला काढले : पंक्चर, उसाच्या ट्रॉल्यांमागची रांग, वाटेत भेटलेला परिचित, विसरलेला चष्मा. राहिले सव्वाआठ तास. दुपारचे भोजन आणि विश्रांती यांना अडीच तास. जानेवारीतही सोलापूरकडचे ऊन दुपारी तीस अंशांच्या पुढे जाते आणि म्हाताऱ्या जनावराला त्या वेळी सावलीच हवी. राहिले पावणेसहा. वृद्ध कुत्र्याला सुमारे दीड तासाने खाली उतरवून पाय मोकळे करू द्यावे लागतात. असे पाव-पाव तासाचे तीन थांबे. राहिले पाच तास. त्यातले निम्मे चाकांना आणि निम्मे डोळ्यांना दिले, तर गाडी चालवण्यासाठी अडीच तास मिळतात. तालुक्याच्या रस्त्यांवर ताशी चाळीस किलोमीटर ही प्रामाणिक सरासरी. म्हणजे दिवसाला शंभर किलोमीटर. मागणी तीनशेची आणि पेलण्याची शक्ती शंभराची!

"अहो, एवढी काटछाट केली तर पाहणार काय?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण या काटछाटीमागे केवळ अंकगणित नव्हते. माझ्या हातून घडलेली एक चूक होती. ती आज प्रथमच लिहितो आहे.

सहा वर्षांपूर्वी, एप्रिलच्या अखेरीस, आम्ही बादलला घेऊन एका तीर्थक्षेत्री गेलो होतो. आवारात कुत्र्याला प्रवेश नाही, हे योग्यच आहे. मी गाडी लिंबाच्या सावलीत लावली, काचा चार बोटे खाली ठेवल्या आणि "दहा मिनिटांत येतो" म्हणून आत गेलो. दर्शन झाले, ओळखीचे गृहस्थ भेटले, बोलणे लांबले. परत आलो तेव्हा पंचवीस मिनिटे झाली होती आणि सावली गाडीवरून सरकून गेली होती. बादल मागच्या आसनावर आडवा पडला होता. जीभ बाहेर, हिरड्या लालभडक, तोंडातून चिकट लाळ. हाक मारली तर शेपटीही हलली नाही.

माणसाच्या सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांनाच. शरीरातली उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. आतली हवाच तापली, की धापांचा उपयोग उरत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले की प्राणावर बेतते. हे सगळे मी नंतर वाचले. त्या दिवशी शेजारच्या टपरीवाल्याने माठातले पाणी आणून त्याच्या पोटावर आणि पायांवर ओतायला लावले, ओल्या पंचाने त्याला वारा घातला आणि मगच पशुवैद्यांकडे धाडले. बर्फ लावू नका, साधेच गार पाणी घाला, हेही त्यानेच सांगितले. बादल वाचला. दोष सर्वस्वी माझा होता. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या घरातला मी माणूस. पंचेंद्रिय जीवाला लोखंडी पेटीत कोंडून देवदर्शनाला गेलो होतो.

म्हणून या वेळी एक नियम मी आधीच लिहून टाकला : कुत्रा गाडीत एकटा राहणार नाही, एक मिनिटही नाही. हा नियम मांडताच यादी आपोआप गळू लागली. किल्ला, विहीर आणि मंदिरे ही पायऱ्यांची ठिकाणे. तिथे बादल चढणार नाही किंवा त्याला प्रवेश नाही. पळसनाथाचे मंदिर तर धरणाचे पाणी खूप आटते तेव्हाच उघडे पडते. जानेवारीत तिथे पाणीच पाहायचे. कुंथलगिरी हे देशभूषण-कुलभूषण मुनींचे निर्वाणस्थान. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली तेही तिथेच. अशा ठिकाणी घड्याळाकडे पाहत, गाडीतल्या जनावराची चिंता करीत जाणे बरे नव्हे. ते वेगळ्या दिवसासाठी ठेवले.

उरले ते आमच्या दाराशी असलेले पाणी. आणि इथे मला जरा संकोच वाटला. भीमेवरील उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा यशवंत सागर. त्यातले निम्म्याहून अधिक, जवळजवळ ६४ टीएमसी, मृतसाठ्याचे. म्हणूनच वर्तमानपत्रांत धरण 'उणे' झाल्याचे वाचूनही समोर पाणी दिसते. करमाळा तालुक्याची पश्चिम कड या जलाशयाने धरून ठेवली आहे. मी कर्जाच्या पाहणीसाठी चिखलठाण, कुगाव, वाशिंबे, केत्तूर या गावांच्या वाटा शेकडो वेळा तुडवल्या. मोटारी, पाइपलाइन, ऊस, केळी मोजली. नुसते पाणी पाहण्यासाठी मात्र मी एकदाही थांबलो नव्हतो.

बेत असा ठरला. सकाळी चिखलठाणमार्गे कुगावच्या काठी, दुपारी परत घरी, ऊन उतरल्यावर केत्तूरच्या अंगाला, सूर्यास्तापूर्वी घर. दोन्ही फेऱ्या मिळून शंभर किलोमीटरच्या आत. विश्रांतीचे ठिकाण आपले घरच असल्यामुळे बादलला ओळखीची सतरंजी, आम्हांला गरम जेवण आणि उपाहारगृहाबाहेर ताटकळणे नाही. दुसऱ्या दिवशी कन्येने आईला घेऊन कुंथलगिरीस जायचे आणि मी बादलजवळ थांबायचे. ज्यांच्या घरी मुका जीव आहे, त्यांनी तीर्थयात्रेला अशी पाळी लावून घ्यावी. दर्शन एकाचे चुकते, पण मन कोणाचेच गाडीत अडकत नाही.

आपल्या श्रावकाचारात दिग्व्रत आहे आणि देशावकाशिक आहे. अमुक दिशेला अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही, असा नियम पहिल्यात आयुष्यभरासाठी आणि दुसऱ्यात दिवसापुरता घ्यायचा. लहानपणी मला हा केवळ संकोच वाटे. त्या दिवशी नकाशावर जेऊरभोवती मर्यादा आखताना प्रथमच जाणवले, की चारी दिशा बंद केल्यावर उरलेल्या वाटेकडे माणूस नीट पाहतो.

तयारीविषयी थोडे. बादलला निघण्यापूर्वी तीन तास खायला दिले नाही. भरल्या पोटी गाडीत कुत्र्यांना ओकारी होते. मागच्या आसनावर जुनी सतरंजी अंथरली आणि छातीपट्टा गाडीच्या पट्ट्याला अडकवला. काचेतून डोके बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा चित्रात छान दिसतो. प्रत्यक्षात डोळ्यांत धूळ आणि किडे जातात आणि करकचून ब्रेक लागला तर मान मोडते. घरचे पाणी पाच लिटर, पसरट भांडे, ओला करायला पंचा, रेबीजची लस दरवर्षी टोचल्याची नोंदवही. गळपट्ट्यावर आमचा दूरध्वनी क्रमांक. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा निःशुल्क क्रमांकही लिहून घेतला.

शिदोरीबाबत एक सूचना मुद्दाम करतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक. आपल्या घरांत ती चिंता बहुधा नसते. पण बेदाणे, मनुका आणि द्राक्षे त्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, आणि चिवड्यात व लाडवांत आपण ती सढळ हाताने घालतो. चॉकलेटही तसेच. लाडाने पुढे केलेला एक लाडू महागात पडू शकतो. आम्ही त्याच्यासाठी साधा भात आणि भाकरीचे तुकडे वेगळ्या डब्यात घेतले.

सकाळी सातला निघालो. थंडी होती. उसाच्या फडांवर धुके उतरले होते. गाळपाचे दिवस असल्याने समोरून ट्रॉल्या येत होत्या. त्यांना वाट देत आम्ही हळूच गेलो. कुगावच्या काठी पोहोचलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती. पलीकडचा इंदापूर तालुक्याचा काठ दिसतच नव्हता. इथूनच २१ मे २०२४ रोजी कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जीव गेले. कन्येच्या यादीत नौकाविहारही होता. काठावर उभे राहिल्यावर तिने तो विषय स्वतःच काढला नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस सायंकाळी इथे अचानक वारे उठते. जीवरक्षक जाकिटाशिवाय आणि वाऱ्याचा रंग पाहिल्याशिवाय कोणीही पाण्यात जाऊ नये. घाबरणाऱ्या जनावरासह तर नाहीच.

काठावरही सावध राहावे लागते. पाणी जसे ओसरते तसा मऊ गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. शेतकऱ्यांच्या वीजमोटारींच्या केबली काठाने पसरलेल्या असतात, मासेमारांची जाळी वाळत घातलेली असतात. म्हणून दोरी हातात आणि दोरी आखूड. बादलला पाणी आम्ही आमच्याच कॅनमधले पाजले.

उथळ पाण्यात पट्टकादंबांचा थवा होता. हे हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यासाठी इथे येतात. मोकळा कुत्रा त्यांच्या अंगावर धावला, की सगळा थवा उडतो. त्याला तो खेळ वाटतो आणि त्यांची मेहनतीने साठवलेली शक्ती वाया जाते. बादलने त्यांना पाहिले, कान टवकारले आणि मग तो वाळूवर बसला. वय झाले की काही मोह आपोआप सुटतात.

दुपारचे भोजन आणि झोप घरी. साडेतीनला केत्तूरकडे निघालो. तिथे आमच्या बेतातला एक थांबा रद्द झाला. बादल शंभर पावले चालला आणि बाभळीच्या सावलीत बसून राहिला, उठेना. मला वाटले, पुढच्या वळणावरून पाणी अधिक चांगले दिसेल. कन्या म्हणाली, "राहू द्या, पप्पा. इथेच बसू." सतरंजी अंथरली. दूर पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसत होती. सोलापूरकडे जाणारी एक गाडी गेली, तिचा आवाज पाण्यावर बराच वेळ राहिला.

मार्जिनचे जे पावणेतीन तास मी राखून ठेवले होते, त्यांतला काही वेळ त्या बाभळीखाली खर्च झाला. त्या वेळात कन्येने जे सांगितले, ते सहा महिन्यांच्या दूरध्वनींत सांगितले नव्हते. परदेशातली ती नोकरी तिने दोनदा नाकारत आणली होती. आमच्या वयाची चिंता, घरात दुसरे कोणी नाही, आणि, बादलच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "याला मी आणले आणि मीच सोडून गेले. आता तुम्हांलाही." सौभाग्यवतींनी तिला जवळ घेतले. मला काही सुचेना. शेवटी मी म्हणालो, "बादलचे आम्ही पाहू. आमचे आम्ही पाहू. तू जा, पण दर आठवड्याला निवांत बोल. पाच मिनिटांचे घाईचे बोलणे नको." एवढेच जमले. तीनशे किलोमीटरची यादी पूर्ण करीत असतो, तर ही वेळ आम्ही कुठल्या तरी रस्त्यावर पुढच्या ठिकाणाचे अंतर मोजत असतो.

पाच वाजता बादललाच उचलून गाडीत ठेवावे लागले. घाई मी केली, त्याला चौविहार हे एक कारण होते. दुसरे असे, की अंधार पडल्यावर उसाच्या कडेने कुत्र्याला उतरवणे आपल्या भागात शहाणपणाचे नाही. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन माणसांचे बळी घेतले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. कुत्रा तर बिबट्याचे आवडते भक्ष्य. शिवाय मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत. पावणेसहाला ताटे मांडली गेली. मोजणीत एकूण ९४ किलोमीटर भरले.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे माय-लेकी पहाटे कुंथलगिरीस गेल्या. मी आणि बादल ओसरीवर बसलो. परतल्यावर कन्येने त्याच्यापुढे बसून णमोकार म्हटला. जीवंधरकुमारांनी मरणोन्मुख कुत्र्याला तो मंत्र ऐकवला आणि तो यक्षदेव झाला, ही कथा तिला आजीने सांगितली होती. बादल मरणोन्मुख नव्हता. त्याने अर्धा मंत्र ऐकून जांभई दिली. आम्ही तिघेही हसलो. रात्रीच्या गाडीने ती पुण्याला गेली.

हा लेख लिहीपर्यंत ती कॅनडात पोहोचली आहे. रविवारी सकाळी तिचा दूरध्वनी येतो आणि पहिला प्रश्न बादलचा असतो. तो अजून आहे, सकाळी चार पावले कमी चालतो एवढेच. येत्या सुट्टीत ज्यांच्याकडे मुले थोड्या दिवसांसाठी येणार आहेत आणि घरात एखादा म्हातारा जीव आहे, मग तो चार पायांचा असो की आजी-आजोबा असोत, त्यांनी यादी करण्यापूर्वी एकदा हा हिशेब मांडून पाहावा. आपल्या गावाभोवती शंभर किलोमीटरमध्ये काय काय बसते, ते मला अवश्य कळवावे.

जय जिनेंद्र.